माल्टातर्फे मार्विक

राष्ट्राचं मोठेपण क्षेत्रफळावर ठरत नसतं, हे लहान राष्ट्रांना सांगावं लागत नाही. आमचं माल्टा नकाशावर शोधायला चष्मा लागतो. पण दर वर्षी मे महिन्यात, युरोपच्या गाण्याच्या स्पर्धेत, आम्हाला अगदी मोठ्या देशांइतकीच तीन मिनिटं मिळतात. आमच्या सैन्याला हे कधी जमलेलं नाही. (सैन्याचा बँड मात्र चांगला आहे.)

त्या वर्षी देशातर्फे माझ्या दिवंगत भावाची मुलगी गेली. मार्विक सलीबा, प्राथमिक शाळेत शिक्षिका, स्वभावाने अबोल. गाणं तिने स्वतःच लिहिलं होतं, पण हा दोष निवड समितीने मोठ्या मनाने पोटात घातला.

आमची निवडपद्धत अत्यंत निःपक्षपाती आहे. परीक्षक हा स्पर्धकाचा नातेवाईक असू नये, असा नियम होता. तो पाळायचा तर बेटावर परीक्षकच उरेना, म्हणून ‘नातेवाईक’ या शब्दाआधी ‘सख्खा’ हा शब्द घालण्यात आला. बाकी निर्णय जनतेच्या फोनवर. आमच्या गावात संतांच्या उत्सवात वाजवणारे दोन बँड क्लब आहेत : एक आमचा, संत जोसेफचा, आणि एक दुसरा. (त्याचं नाव घेण्याची आमच्यात पद्धत नाही.) दुसऱ्यांनी फारच सुरेल मुलगा उभा केला होता, त्यामुळे गाफील राहून चालणार नव्हतं. वृद्धाश्रमातल्या आज्यांच्या हाती आम्ही फोन दिले, आणि त्यांना त्रास नको म्हणून बटणंही आम्हीच दाबली. मार्विक प्रचंड बहुमताने निवडून आली. संताच्या उत्सवासाठी राखून ठेवलेले फटाके त्याच रात्री उडवून टाकले.

मग तिला सुधारण्याचं काम सुरू झालं. शिष्टमंडळात चोवीस माणसं होती, पैकी गाणारी एक. झग्यासाठी उपसमिती, जिन्यासाठी उपसमिती (जिना नसेल तर गायिका उतरणार कुठून?) आणि केस मागे उडवणाऱ्या पंख्यासाठी एक स्वतंत्र अभियंता. गाण्यात जे जे आमच्या बेटाचं होतं ते काढून त्या जागी चांदणं घालण्यात आलं. चांदण्याला कोणत्याही देशाचा आक्षेप नसतो.

या सगळ्यात मार्विक एकदाच बोलली.

“जिना राहू दे, पंखाही राहू दे,” ती म्हणाली. “शेवटचं कडवं तेवढं माझं मला ठेवा.”

समितीने तिचं म्हणणं सहानुभूतीने ऐकून घेतलं आणि पंख्याचा वेग वाढवला.

देशप्रेमाच्या आड इथे एकच गोष्ट येते : स्वतःच्या देशाला मत देता येत नाही. पण सिसिली समोरच आहे, आणि सिसिलीतून दिलेलं मत इटलीचं धरतात. अंतिम फेरीच्या दिवशी आमचा अख्खा क्लब बोटीने तिकडे गेला. क्लबचा खजिनदार नेनू डेबोनो याने खजुराच्या वड्यांच्या डब्यातून इटालियन सिमकार्डं वाटली. घरी बसून निवांत ऐकलं असतं, असं माझी बायको जोवान्ना पुटपुटली.

“ऐकायला सगळा युरोप बसलाय, वहिनी,” नेनूने तिची समजूत घातली. “तुम्ही मत द्या.”

मार्विक रंगमंचावर आली तेव्हा आम्ही बंदरावरच्या हॉटेलात अगदी टीव्हीखालीच होतो. पण निम्मी कार्डं सुरूच होईनात, आणि जो तो दुसऱ्याला ओरडून आकडे सांगत होता. झगा मात्र सगळ्यांनी पाहिला. केस उडाले. जिना उतरताना ती पडली नाही, तेव्हा आम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्या. पुढे गुण जाहीर झाले, भरवशाच्या सायप्रसने दगा दिला आणि परतीच्या बोटीत सायप्रसविरुद्ध निषेधाचा ठराव एकमताने मंजूर झाला.

ती परतली तेव्हा विमानतळावर आमचा बँड हजर होता. दुसरा क्लबही आला होता, खात्री करून घ्यायला. मंत्रिमहोदयांनी भाषणात जिन्याचा दोनदा उल्लेख केला. कुणी झग्याचं कापड विचारलं, कुणी पंख्याचं. मार्विक बोलणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ बघत होती. घरी जाताना गाडीत ती माझ्याशेजारी बसली.

“काका, शेवटचं कडवं ऐकलंत?”

केस अप्रतिम उडत होते, असं मी तिला सांगितलं.

“ठरलेले शब्द मी सोडून दिले,” ती म्हणाली. “बाबांचं नाव घेतलं. चेन्सू. दोनदा घेतलं. म्हटलं, युरोपला नाही तरी घरच्यांना कळेल.”

आम्ही त्या क्षणी तिच्यासाठीच कसे झटत होतो, हे मी तिला नीट समजावलं.

“आणि आईने?”

“आईकडे सहा कार्डं होती,” मी म्हणालो.

तिने मान डोलावली.

हा प्रसंग मी आजवर बऱ्याच जणांना सांगितला आहे. लोक चांगले असतात. मुकाट्याने ऐकतात, चुकचुकतात, बरं दिसावं म्हणून थोडा वेळ जाऊ देतात आणि मग जे विचारायचं ते विचारतात. तुम्हीही त्याचसाठी थांबला आहात, तेव्हा उगाच ताटकळत ठेवत नाही.

सोळावा नंबर.