राजा उठेपर्यंत

गादीच्या मधोमध एक सोनेरी बटण लावावं, एवढंच तात्यांनी ठरवलं होतं. त्यात वाईट काही नव्हतं. पण चांगल्या मनाने केलेल्या गोष्टींनाच पुढे जास्त फाटे फुटतात, त्याला कोण काय करणार.

तात्या गाद्या भरायचे. चाळीस वर्षं एकच काम, एकच दुकान आणि बसून बसून गुळगुळीत झालेला एकच लाकडी पाट. (गाद्या करणाऱ्याच्या स्वतःच्या बुडाखाली कधी गादी नव्हती, हे त्यांच्या बायकोने लग्नानंतर आठवडाभरात ओळखलं होतं.) एके दिवशी सिनेमावाले दुकानात आले. जुन्या काळच्या एका राजाचा सिनेमा निघणार होता. हजार दिवे, शंभर घोडे, आणि महाल तर सबंध नवाच बांधलेला. त्या महालातल्या सिंहासनाला गादी हवी होती, तीही जुन्या पद्धतीची, हाताने पिंजलेल्या कापसाची.

तात्यांनी अकरा दिवस घेतले. लाल मखमल, मधोमध सोनेरी बटण, आणि बटणाभोवती सोळा चुण्या, फूल उमलावं तशा. एकेक चुणी त्यांनी तीन-तीनदा उसवून पुन्हा घातली. कडेची झालर मात्र बायकोने केली, दोन दुपारींत, रेडिओ ऐकत.

झालर टाचता टाचता तिने विचारलं होतं, "अहो, हे फूल मधोमध कशाला?"

"मग कुठे घालू?"

"मधोमध तर राजा बसणार ना."

तात्या सुईत दोरा ओवत होते. ते काम त्यांना हल्ली दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला जमायचं. दोरा गेला, तेव्हा ते म्हणाले, "राजा काय सारखा बसूनच राहणार आहे? राजाला कामं असतात."

बायकोने ते वाक्य घडी घालून ठेवून दिलं.

आता जावयाचं सांगायला हवं. जावई फोमच्या गाद्या विकणाऱ्या मोठ्या दुकानात मॅनेजर होता. माणूस वाईट नव्हता. सासऱ्याला डॉक्टरकडे नेणं, चष्मा आणून देणं, सगळं तोच करायचा. फक्त वर्षभर तो एकाच गोष्टीच्या मागे लागला होता. "बाबा, ते दुकान आता बंद करा. तिथे आपण फोमचं शोरूम टाकू. कापूस नाकातोंडात जातो, तुम्हाला खोकला होतो. लोकांना तरी आता कापूस कुठे हवाय?"

तात्यांना नाही म्हणता यायचं नाही. ते "बघू" म्हणायचे. एक वर्षभर "बघू" म्हणून झाल्यावर, एका जेवणात, त्यांच्या तोंडून निघून गेलं, "जावईबापू, आधी तो सिनेमा लागू दे. पडद्यावर माझी गादी बघा. ती बघूनही तुम्हाला वाटलं की दुकान बंद करावं, तर किल्ली तुमच्या हातात देतो."

जावई म्हणाला, "ठरलं."

एवढ्या लवकर ठरेल असं तात्यांना वाटलं नव्हतं.

सिनेमा लागला. दुपारच्या खेळाला चौघं निघाली, तात्या, बायको, लेक आणि जावई. दारावर तिकिटं फाडायला तात्यांच्याच वयाचे एक गृहस्थ उभे होते. तिकीट ते असं हळुवार फाडायचे, जणू त्यालाही दुखत असावं. तात्यांना ते आवडलं.

आत जावयाने खुर्चीवर थाप मारली. "ह्या खुर्च्यांना फोम आमच्याच दुकानाचा, बरं का."

तात्यांनी बसून पाहिलं, हलून पाहिलं. "बरा आहे," ते म्हणाले. "जरा वर ढकलतो माणसाला. बसलेला आवडत नाही ह्याला." तेवढ्यात दिवे गेले, म्हणून विषय तिथेच राहिला.

पडदा उजळला, आणि पहिल्याच दृश्यात सिंहासन. तात्यांनी बायकोचा हात धरला. सिंहासनावर राजा बसलेला होता. राजाच्या खाली, चारी बाजूंनी, बायकोची झालर सुरेख लोंबत होती.

"माझी झालर," बायको म्हणाली.

"उठेल आता," तात्या म्हणाले.

राजा उठला नाही. शेजारच्या राज्याचा वकील आला, राजाने बसून ऐकलं. सेनापती आला, त्याला राजा बसून रागावला. राणी आली, तिच्याकडे राजा बसल्या बसल्या इतका वेळ बघत राहिला की मधल्या रांगेतले एक जण बाहेर जाऊन, चहा पिऊन, परत आले तरी तो बघतच होता. लढाया सगळ्या दूर कुठेतरी चालल्या होत्या. दूत यायचे आणि सांगायचे. राजा बसून ऐकायचा.

जावयाने पहिली जांभई दिली तेव्हा अर्धा तासही झाला नव्हता. लेकीने त्याला कोपर मारलं. "दिवे बघा ना किती सुंदर."

"दिवे घरी पण आहेत."

पुढच्या रांगेत कोणीतरी घोरायला लागलं. मागच्या रांगेत, शाळेतले निवृत्त सर असावेत असे एक गृहस्थ, दर दोन वाक्यांना "व्वा" म्हणत होते. आणि त्या सबंध हॉलमध्ये, खुर्चीच्या कडेवर येऊन, श्वास रोखून तो सिनेमा बघणारा माणूस एकच होता. राजाने हाताचा आधार घेतला की तात्याही खुर्चीचे हात धरायचे. एकदा राजा पुढे झुकला. तात्याही झुकले. राजाने नुसताच उसासा टाकला आणि पुन्हा मागे टेकला.

मध्यंतरात बाहेर दोन तट पडलेले होते. अर्धे म्हणत होते, काय ते कपडे, काय तो महाल, असा सिनेमा दहा वर्षांत झाला नाही. अर्धे म्हणत होते, दहा वर्षांत झाला नाही ते ठीक, पण हा दहा वर्षं चालणार आहे का. सर मंडळींना समजावत होते, "राजाचं न उठणं, हाच तर विषय आहे." जावई म्हणाला, "मग विषय कळला. घरी जाऊ या?"

"तुम्हाला काय वाटतं, बाबा?" लेकीने विचारलं.

तात्या खूप विचार करून म्हणाले, "राजाने उठायला हवं."

सरांनी त्यांच्याकडे आदराने पाहिलं. (तात्यांना पुढे आयुष्यभर कळलं नाही, का.)

उत्तरार्धात राज्य हळूहळू गेलं. आधी सरदार सोडून गेले, मग राणी गेली, मग दिवे एकेक करून विझले. बायको डोळे पुसायला लागली. तात्यांना मात्र राज्याचं काही वाटत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढे दुकानाची किल्ली होती, पितळेची, टोकाला झिजलेली. तीन तास होऊन गेले होते. राजा असाच बसून मेला, तर ती द्यावी लागणार होती.

आणि मग, कोणी काही न बोलता, राजाने दोन्ही हात सिंहासनाच्या हातांवर ठेवले आणि तो उठला.

तात्याही उठले. ताडकन उभे राहिले आणि म्हणाले, "उठला."

"अहो काका, खाली बसा ना," मागून आवाज आला.

आता तात्या पडले सभ्य माणूस. कोणाला आपला त्रास झाला की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. ते वळले, त्यांनी हात जोडले. "माफ करा हां. काय झालं, ती गादी आहे ना, ती मी भरलेली. फार वेळ वाट बघत होतो, म्हणून जरा..." तात्या सावकाश माणूस. माफीही सावकाश मागायचे. ती पूर्ण करून ते वळले, तेव्हा राजा एका ओसाड रस्त्याने पाठमोरा चालला होता, आणि सिंहासन कुठेच नव्हतं.

ते हळूच खाली बसले. बायकोच्या कानाशी लागून विचारलं, "दिसली का गं?"

"काय?"

"गादी. फूल."

"मी तुमच्याकडे बघत होते. म्हटलं, ह्यांना काय झालं."

लेकीने मान हलवली. तीही बाबांकडेच बघत होती. जावई सासऱ्याला धरायला अर्धा उठला होता, म्हणजे त्यानेही बघितलं नव्हतं. पडद्यावर नावं यायला लागली. दिवे लागले.

बाहेर आल्यावर तात्या लोकांना थांबवून विचारू लागले, आणि ते त्यांच्या स्वभावात अजिबात नव्हतं. "राजा उठला, तेव्हा त्याच्याखाली काय दिसलं?"

सर म्हणाले, "पोकळी. सत्तेची पोकळी."

एक बाई म्हणाल्या, "एकटेपण, काका. दुसरं काय."

मागच्या रांगेतला तरुण म्हणाला, "मला तुमची पाठ दिसली."

जावई थोडा दूर उभा राहून ऐकत होता. त्याचा चेहरा जिंकलेल्या माणसासारखा नव्हता, तेच तात्यांना जास्त लागलं. त्यांनी खिशात हात घातला. किल्ली खिशात होती. शब्द दिला म्हणजे दिला, असं मनाशी म्हणत त्यांनी ती बाहेर काढली.

तिकिटं फाडणारे गृहस्थ दाराला अडसर लावत होते. ते तिथूनच म्हणाले, "तुम्ही त्या गादीचं विचारताय का?"

तात्या वळले.

"रोज बघतो मी. चारही खेळांना. बाकी सिनेमा नाही बघवत मला, पण तेवढ्यासाठी आत येतो. राजा उठतो ना, तेव्हा गादीवर त्याचा खळगा पडलेला असतो. मग तो खळगा हळूहळू भरून येतो. अगदी सावकाश. आणि मग मधलं बटण वर येतं, आणि भोवतीचं फूल उघडतं." त्यांनी हाताने दाखवलं, मूठ सोडावी तसं. "मला दर वेळी वाटतं, राजा गेला, पण गादीला अजून पटत नाहीये."

जावई हळूच म्हणाला, "फोम असता तर लगेच वर आला असता."

"हो," ते गृहस्थ म्हणाले. "मग कोण बसलं होतं हे कळलंच नसतं."

जावयाने सासऱ्याच्या हातातली किल्ली घेतली. बघितली. आणि त्यांच्याच खिशात परत टाकली. "खोकल्यावर मात्र औषध घ्यायचं," तो म्हणाला. तात्या "बघू" म्हणाले.

घरी जाताना जावयाला राहवलं नाही. "पण बाबा, एक विचारू? राजा तीन तास हलला नाही. इतकी मऊ गादी केलीत कशाला? एखादा खिळा वर ठेवला असता, तर अर्ध्या तासात राज्य सोडून गेला असता बिचारा. आपण पण सुटलो असतो."

"राजाला कामं असतात म्हणाले होते," बायको म्हणाली. तिने घडी घालून ठेवलेलं ते वाक्य आता काढलं. "माझी झालर मात्र तीन तास दिसली."

दुसऱ्या दिवशी दुपारी तात्या एकटेच पुन्हा गेले. बरोबर यायला कोणी तयार झालं नाही. झालरवालीही नाही म्हणाली. दारावरच्या गृहस्थांनी त्यांना ओळखलं आणि सगळ्यात शेवटच्या रांगेत, भिंतीला लागून बसवलं. "इथे उभे राहा हवं तेवढं. मागे कोणी नाही."

तात्या निवांत बसले. आज घाई नव्हती. राजा उठणार हे ठाऊक होतं, किल्ली खिशात होती. पडद्यावर हजार दिवे लागले. वकील आला. सेनापती आला. राणी आली, आणि राजा तिच्याकडे बघायला लागला.

कोणीतरी खांदा हलवत होतं.

"काका, उठा. राजा केव्हाच उठून गेला."

हॉल रिकामा होता. तात्या डोळे चोळत उभे राहिले. तीन तास, आणि झोप अशी की अंगातला कणन् कण मोकळा झालेला. पाटावर चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. त्यांनी चमकून मागे खुर्चीकडे पाहिलं. जावयाच्या दुकानाचा फोम एव्हाना वर आलेला होता, सपाट, कोरा, जसं काही तिथे कधी कोणी बसलंच नव्हतं.

चला, तात्यांच्या मनात आलं, ह्या वस्तूचाही एक गुण आहे. चहाडी करत नाही.