एका खोलीत तीनशे

"आज दगडसुद्धा रडतील!" बसची पायरी चढता चढता गाइडबाईंनी जाहीर केलं.

"दगडांचं बघू," ड्रायव्हर आरसा पुसत म्हणाला. "गेल्या खेपेला माणसं घोरत होती."

ते खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. बाईंची तीन महिन्यांची उमेदवारी आज संपत होती. दोन किल्ले, एक रणांगण आणि अठ्ठावीस प्रवासी. दिवसाच्या शेवटी प्रत्येकाने कार्ड भरायचं आणि दहापैकी मार्क द्यायचे. सरासरी सात आली तर नोकरी पक्की, नाहीतर "दुसरं काही बघा," असं मालकांनी तोंडावर सांगितलं होतं. गेल्या खेपेला पाच आले होते. एकाने शेरा मारला होता, 'माहिती अचूक. झोप छान लागली.'

घरी दीड वर्षाची लेक. तिला सांभाळणाऱ्या सासूबाई रोज दारातच विचारायच्या, "काय गं, झालीस का कायम?" ताप उतरला का विचारावं, तसं!

म्हणून बाईंनी बेत पक्का केला होता. तारखा बंद. आज नुसते मुडदे!

पहिल्या किल्ल्यातल्या एका अंधाऱ्या खोलीत सगळ्यांना कोंबून त्यांनी आवाज खाली आणला. "याच खोलीत... एका दुपारी... तीनशे सैनिक कापले गेले!"

"बाप रे!" अख्खी बस शहारली. बाईंच्या डोळ्यांपुढे नऊ-नऊ मार्क नाचायला लागले.

"उभे की आडवे?" मागून आवाज आला.

हे गवंडीकाका. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी खिशात टेप. पुढच्या क्षणी ते भिंतीशी वाकलेसुद्धा! "बारा बाय पंधरा. एकशे ऐंशी चौरस फूट. उभी माणसं खेटून भरली तर नव्वद. तलवार फिरवायची म्हटली तर पंचवीस."

"काका, ते... तुकड्या-तुकड्यांनी आले."

"बरं. म्हणजे बाकीचे बाहेर रांगेत थांबले होते? आपला नंबर यायची वाट बघत?"

हशा पिकला. बाईंचे नऊ घसरत सहावर आले. तेवढ्यात पुढून एक बारीक आवाज म्हणाला, "मग त्यांना पुरलं कुठे?"

करड्या स्वेटरमधल्या त्या आजी एकट्याच आल्या होत्या. मांडीवरची पर्स सकाळपासून दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या, जणू तिला पाय फुटणार होते. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून बाईंना राहवलं नाही. "इथेच, आजी. समोरच्या अंगणात. ओळीने. अगदी मानाने."

इथे घोटाळा झाला! कारण बाहेर पडायला वाट त्याच अंगणातून होती, आणि मेलेल्यांच्या छातीवरून चालायला एकही माणूस तयार होईना. "सैनिक आहेत हो खाली!" कोणीतरी ओरडलं. आजी सोडून सत्तावीस माणसं एकमेकांचे हात धरून, खंदकाच्या काठाकाठाने, खेकड्यांसारखी आडवी सरकायला लागली. मधोमध टाय लावलेले एक जाडजूड गृहस्थ होते. त्यांचा बूट घसरला. धप्प! कमरेपर्यंत हिरवं पाणी आणि टाय तरंगतोय! त्यांना ओढायला चौघं वाकले, चौघांना धरायला आठ. तोवर इकडे आजींनी अंगणाच्या कडेच्या वाफ्यातली सगळी फुलं खुडून अंगणात सारख्या अंतरावर मांडलीसुद्धा.

किल्ल्याचा म्हातारा राखणदार धावत आला. "माझी फुलं! काय चाललंय काय?"

"तीनशे जण कापले गेले ना, त्या खोलीत," आजी म्हणाल्या.

"त्या खोलीत? अहो, ती बटाट्यांची कोठी! तिथे बटाट्यांशिवाय कोणीही कापलं गेलेलं नाही!" मग धाप टाकत तो भिंतीला टेकला. "लढाई झालीच नाही इथे. शत्रू बाहेर बसून राहिला आणि आतलं पाणी नासलं. हगवणीने गेले एकशे चौदा. निम्मी पोरं. मागच्या उतारावर एकाच खड्ड्यात टाकली सगळी. तिकडे कोणी फिरकत नाही."

कोणी हसलं नाही. खंदकातून वर काढलेल्या गृहस्थांनीसुद्धा टाय पिळायचं थांबवलं.

दुसऱ्या किल्ल्यात बाईंनी फक्त तारखा सांगितल्या. तिघं घोरले.

रणांगणावर बघण्यासारखं काहीच नव्हतं. गुडघाभर गवत, वारा, आणि गंजलेली एक पाटी. ड्रायव्हर कार्डं वाटत फिरत होता. टायवाले गृहस्थ त्याचं घोंगडं पांघरून बसच्या पायरीवर बसले होते आणि पेनाचं टोपण दातांनी काढत होते.

आजी बाईंजवळ आल्या. "माझा मुलगा असाच लढाईत गेला हो. वीस वर्षं झाली. नुसता कागद आला, त्यात जागा लिहिली नव्हती. म्हणून मी अशा सहलींना येते." त्यांनी पर्स छातीशी धरली. "एवढ्या मोठ्या मैदानात कसं करतात? तो राखणदार म्हणाला तसंच? सगळे एकाच खड्ड्यात?"

सत्तावीस पेनं थांबली. खरं उत्तर बाईंना माहीत होतं. त्याच उत्तरासाठी गेल्या खेपेला त्यांना 'अचूक' असा शेरा मिळाला होता.

"नाही, आजी," त्या म्हणाल्या. "एकेकाला वेगळं."

"कोण करतं?"

"त्याचे मित्र. आधी तोंड पुसतात. मग पांघरुणात नीट गुंडाळतात, वारा लागू नये म्हणून... आणि नाव घेतात. मोठ्याने."

"परत सुरू झाल्या!" घोंगड्यातून आवाज आला.

त्यावर टेप सर्रकन ओढल्याचा आवाज झाला. गवंडीकाका!

बाईंनी डोळे मिटून घेतले. संपलं!

"सहा फूट लांब, अडीच रुंद, चार खोल," काका म्हणाले. "त्याहून कमी खणतच नाहीत."

"सहा पुरतील?" आजींनी काळजीने विचारलं. "उंच होता हो तो."

"किती?"

"सहाला दोन बोटं कमी."

"मग साडेसहा खणतात," काका म्हणाले. त्यांनी गवतात टेप अंथरली. "बाई, ते टोक धरा."

बाईंनी धरलं. आजी त्या साडेसहा फुटांकडे कितीतरी वेळ बघत उभ्या होत्या. मग त्यांनी वाकून मधलं गवत हाताने सारखं केलं, गादीवरची सुरकुती काढावी तसं.

ऑफिसात मालकांनी कार्डं तीनदा पिसली. "सव्वीस जणांनी लिहिलंय, 'बाई खोटं बोलतात.' आणि मार्क आठ, नऊ, नऊ! एकाने शून्य दिलंय, त्याचं कार्ड ओलं आहे. एकावर नुसतं 'साडेसहा फूट बरोबर' असं लिहिलंय. सरासरी आठ! मला काही कळत नाहीये."

"नोकरी पक्की. पण किल्ले बंद! उद्यापासून गुलाबाच्या बागांची बस. तिथे आजवर कोणीही मेलेलं नाही. जमेल?"

"जमेल की!" बाई मान खाली घालून म्हणाल्या.

आणि अगदी मनापासून म्हणाल्या! पण अर्धा जिना उतरेपर्यंत त्यांच्या डोक्यात बागेचा पहिला माळी विहिरीत पडून मेला होता, आणि उरलेल्या पायऱ्यांवर त्याला पुरायचं कुठे, तेवढंच ठरवायचं राहिलं होतं.