दोन घंटांचा आमदार

माणूस कोणत्या बाजूचा आहे हे जोवर कळत नाही, तोवर तो सगळ्यांचाच असतो. लोकशाही या भक्कम पायावर उभी आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटात आमच्या नॉर्वेजियन वस्तीत तो पाया माझ्या वडिलांनी घातला.

एलिंग स्क्रेदे नॉर्वेहून आले तेव्हा त्यांच्यापाशी एक कुऱ्हाड, एक बायको आणि बटाट्याचं बियाणं होतं. (बियाणं वाटेतच खाऊन झालं.) त्यांनी माळ फोडला, गहू पिकवला. इथवर ते सामान्य माणूस होते. मग वस्तीत एक किरकोळ प्रश्न निघाला: देव माणसाची निवड करतो ती त्याची श्रद्धा आधी पाहून, की काहीच न पाहता? शांतपणे विचारविनिमय होऊन एका मंडळीच्या दोन झाल्या, रस्त्यापलीकडे दुसरं चर्च उभं राहिलं, दोन घंटा एकाच वेळी वाजू लागल्या आणि सख्खे भाऊ एकमेकांना बैल देईनासे झाले. पूर्वेला ‘न पाहता’वाले, पश्चिमेला ‘पाहून’वाले.

वडील एका रविवारी इकडे बसत, पुढच्या रविवारी तिकडे. कुणी मत विचारलंच तर म्हणत, "हं. यंदा गव्हाला पाऊस हवा."

हे मत दोन्हीकडे मान्य होतं. मधला रस्ता राखायला पंच हवा होता. दोघांना चालेल असा दुसरा कुणी नव्हता. वडील पंच झाले, मग गावसभेचे अध्यक्ष, मग राज्याच्या राजधानीत, सेंट पॉलला आमदार. तिथेही विधेयक रेल्वेच्या भाड्याचं असो की नकली लोण्याला पिवळा रंग देण्याचं, ते उठून पावसावर बोलत. (वर्तमानपत्रं त्यांना मुत्सद्दी म्हणत. आई होती तोवर मुखदुर्बळ म्हणे. तिला मताचा हक्क नव्हता.)

ऐन थंडीत ते गेले. आमच्याकडे हिवाळ्यात मेलेला माणूस जमीन सैल होईपर्यंत कोठारात थांबतो. आई पूर्वेच्या दफनभूमीत आहे, मंडळी फुटायच्या आधीपासून. शेजारची जागा वडिलांनी मोकळी ठेवली होती. ते तिथे जावेत, एवढंच मला हवं होतं.

मी पूर्वेच्या दफनभूमीचं पाहणाऱ्या ओस्मुंडकाकांकडे गेले.

"एलिंग? देवमाणूस! पण पोरी, तो त्यांचा."

"काका, दर खेपेला मत दिलंत की त्यांना."

"मत दिलं. जागा थोडीच दिली?"

नाइलाजानं रस्त्यापलीकडे गेले. पश्चिमेच्या सिवर्टकाकांनी निदान कॉफी दिली. "आपला असता तर मीच खणलं असतं गं. पण आम्ही आधी पाहून घेतो."

"काय पाहता?"

"हेच, की तो त्यांचा होता."

सगळ्यांचा माणूस पेटीत, गव्हाच्या पोत्यांशेजारी पडून राहिला. मी रोज कोठाराचं दार उघडून बघत असे. ऊन वाढत होतं.

शेवटी मी पुन्हा ओस्मुंडकाकांकडे गेले. या खेपेला त्यांनीही कॉफी दिली. "नसेल जागा तर असू दे, काका. आमदाराला सरकार संगमरवरी दगड देतं म्हणतात, घोड्याएवढा उंच. कुठेतरी उभा राहीलच."

"कुठेतरी म्हणजे? तिकडे?"

मी कॉफी ढवळत राहिले.

"त्यांच्या दारात घोड्याएवढा दगड!" काका ओरडले आणि आत बायकोला म्हणाले, "अगं ए, फावडी काढ!"

जमीन अजून गोठलेली होती. त्यांनी वर लाकडं पेटवली, माती नरम केली आणि त्याच दिवशी खणलं. एलिंग पहिल्यापासून आपलाच, असं काका भाषणात म्हणाले. पलीकडे सिवर्टकाकांनीही घंटा वाजवली, हक्क सुटू नये म्हणून. वडील आईशेजारी आहेत. तिच्या बाजूची माती मी हातांनी लोटली.

"दगड कधी येतोय?" काकांनी निघताना विचारलं.

"हं," मी म्हटलं. "यंदा गव्हाला पाऊस हवा."

काकांनी समाधानानं मान हलवली.

देव पाहून निवडतो की न पाहता, याचा निकाल अजून लागायचा आहे. मतदारांचा लागला आहे. तुम्हीच पाहा: माझ्या वडिलांना तुम्ही वाचता वाचता थेट विधानसभेपर्यंत पोचवलंत, मातीही दिलीत, पण ते कोणत्या पक्षाचे होते, हे काही विचारलं नाहीत.