थेंबवाले दानियलकाका

दानियलकाका चालत प्रार्थना करतात, तीही डोळे मिटून. आमच्या सुरतेतल्या उधन्याच्या चाळीची गॅलरी लांब आहे म्हणून निभतं, तरी अधूनमधून कुणाची तरी बादली लवंडते आणि 'आमेन'च्या आधी "अरे, ही कुणी ठेवली इथं?" ऐकू येतं. त्यांचा चहा चालत, पेपर चालत, दाढीसुद्धा आरसा हातात धरून चालत. पलसाण्याच्या डाइंगमध्ये, म्हणजे साड्या रंगवायच्या कारखान्यात, जन्म बॉयलरवर गेला. वाफेच्या काट्यावर नजर ठेवून घातलेल्या येरझाऱ्या अजून पायातून उतरलेल्या नाहीत.

आमची खोली त्यांच्या शेजारची. आम्ही शिंदखेड्याकडचे, ते जालन्याकडचे ख्रिस्ती. मी बी.कॉम., आमच्या घरातली पहिली, आणि खरं सांगायचं तर अख्ख्या मजल्यावरची पहिली. हे मी स्वतः सांगते, कारण दुसरं कुणी सांगत नाही. कापड मार्केटात एका दुकानाचे हिशेब लिहिते. काका मात्र मला नावानं हाक मारतच नाहीत. "ग्रॅज्युएट, तूच सांग!" म्हणतात, आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच निकाल देतात, "सपशेल चुकीचं आहे!"

उंधियूत साखर सपशेल चुकीची. डॉक्टरचं निदान सपशेल चुकीचं. आणि सगळ्यात चुकीची, त्यांच्या सख्ख्या बहिणीची प्रार्थनेची मंडळी.

शांतामावशी काकांची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर ती भावाकडे आली. काकूही तोवर गेलेल्या. दोघांचं स्वयंपाकघर एक, बायबल एक, पण रविवारी वाटा दोन. काकांच्या चर्चमध्ये तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा देतात. मावशीच्या मंडळीचं म्हणणं, बाळाला काय कळतं? माणसानं मोठेपणी, समजून-उमजून, पाण्यात पुरतं बुडून घ्यावा तोच खरा बाप्तिस्मा. ही मंडळी एका लूमच्या कारखान्याच्या गच्चीवर जमते. तिथं वरून कापलेली एक काळी पाण्याची टाकी आहे. म्हणून काका त्यांना 'टाकीवाले' म्हणतात. ते काकांना 'थेंबवाले'.

"बुडून तारण होत असतं, तर तापीतले मासे पहिले स्वर्गात गेले असते!" काका गॅलरीतून म्हणत.

"माशांचं होईल काहीतरी. तू तुझं बघ, दादा," मावशी भाकरी थापता थापता म्हणे.

भिंतीअलीकडून माझी आई अहिराणीत पुटपुटे, "यास्नं रोजनंच शे."

नाताळ झाला आणि मावशीनं जाहीर केलं, की येत्या रविवारी ती टाकीत उतरणार.

"तुझा झालाय बाप्तिस्मा! माझ्या डोळ्यांदेखत झालाय!"

"मी तान्ही होते दादा. मला आठवत नाही, मी कबूल केलेलं नाही. तो कसला बाप्तिस्मा?"

एरवी यावर काकांनी बायबलमधली पाच वचनं फेकली असती. त्या दिवशी तडक गॅलरीत निघून गेले. मग आठवडाभर तिच्याशी बोलणं बंद, आणि येरझाऱ्या एवढ्या वाढल्या की खालच्या मजल्यावरचे विचारायला आले. तिच्याशी सोडून काका सगळ्यांशी बोलत होते. "दमेकरी बाई. ही थंडी. गच्चीवरचं बर्फासारखं पाणी. छाती भरली म्हणजे?" दूधवाल्याला म्हणाले, मला म्हणाले, इस्त्रीवाल्यालासुद्धा म्हणाले.

रविवारी सकाळी आमचं दार वाजलं. "ग्रॅज्युएट, मार्केट बंद आहे ना तुझं? चल. हात लागतील."

खाली भाड्याचा टेम्पो उभा होता. आम्ही थेट पलसाण्याला गेलो, काकांच्या जुन्या डाइंगमध्ये. बॉयलरवरच्या माणसानं ड्रम भरता भरता विचारलं, "काका, इतना गरम पानी? घर में शादी है क्या?"

"नहीं. गलत काम है," काका म्हणाले. "जल्दी भर."

परतताना टेम्पोत त्यांना चालता येईना, म्हणून गुडघे हलवत बसले. मी म्हटलं, "काका, पटत नाही तर पाणी कशाला नेताय?"

"पटत नाहीच. सपशेल चुकीचं आहे." काकांनी ड्रमचं झाकण घट्ट दाबलं. "आमच्या गावात पाद्री वर्षाकाठी एकदा यायचे. आम्हा दोघांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी झाला. ही आईच्या मांडीवर, मी आईचा पदर धरून. त्याच पावसाळ्यात आई गेली. मला आईचा तेवढा एक दिवस आठवतो, ग्रॅज्युएट. फोटो नाही, काही नाही. आता ही म्हणते, तो दिवस धरायचा नाही."

"हे मावशीला सांगितलंत?"

"ती वचनांवर बोलते. त्यात आई कुठं आणू?"

गच्चीवर टाकीवाल्यांनी हातोहात ड्रम वर चढवले आणि टाकीतल्या गार पाण्यात ओतले. पाणी गुलाबी झालं! ड्रम धुतले होते, पण डाइंगचेच ते. एका म्हातारीनं भक्तिभावानं हात जोडले. "ख्रिस्ताचं रक्त!"

"साडीचा रंग आहे, आजी," काका जिन्याच्या वरच्या पायरीवरून ओरडले. गच्चीवर पाय ठेवायला मात्र तयार नव्हते.

तरुण पास्टर गोंधळले. मावशीनं पाण्यात बोट बुडवलं, कोमट लागल्यावर भावाकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "गुलाबी तर गुलाबी."

पांढऱ्या साडीत ती टाकीत उतरली. पाणी कमरेला लागलं आणि तिचा श्वास अडकला. तिनं काठ गच्च धरला. पास्टर म्हणाले, "मावशी, सोडा हात." हात सुटेना.

काका जिन्यावरून निघाले ते चपलांसकट टाकीत.

"हालेलुया!" सगळी गच्ची गरजली.

"गप्प बसा!" काका गरजले. "मी बाप्तिस्मा घेत नाहीये! बहीण धरतोय!"

पास्टरनी त्यांच्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "काका, तुम्ही धरा. मी बोलतो."

काकांनी पाठीखाली हात दिला, पास्टरनी वचन म्हटलं, मावशी पाण्याखाली गेली आणि वर आली ती खोकत, रडत. काका तिच्याच पदरानं तिचं तोंड पुसत राहिले.

"तेव्हाही असंच भोकाड पसरलं होतंस," ते म्हणाले. "थेंब पडल्या पडल्या. आई हसली होती."

मावशीचं रडणं थांबलं. तिनं त्यांचा ओला शर्ट मुठीत धरला. "आई हसली होती? कशी हसायची रे?"

काका तिथंच, कमरेएवढ्या पाण्यात, सांगायला लागले. टाकीशेजारी अजून चौघं पांढऱ्या कपड्यांत कुडकुडत होती आणि पाणी निवत चाललं होतं. पण पास्टरनी मिटलेलं बायबल छातीशी धरलं, आणि दोघांना बाहेर या असं कुणीही म्हटलं नाही.