दाव्याला बांधलेली फटफटी

शांतवनमामांनी फटफटी लिंबाच्या झाडाला बांधून ठेवली होती. दाव्याने, मागच्या चाकातून दोन वेढे घालून, वर निरगाठ मारून. त्या वेळी तिचं इंजिन उघडून गोणपाटावर पडलेलं होतं, चाकांत हवा नव्हती आणि टाकीत पेट्रोलचा थेंब नव्हता. मी विचारलं, "मामा, ही आता जाणार तरी कुठं?"

"यंत्राचा काय भरवसा, बाई," मामा म्हणाले. "भ्यालेलं बरं."

तिसगावात मी मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि मामांची नि माझी भिंत एक होती, त्यामुळे हे "भ्यालेलं बरं" मी दिवसातून कितीदा ऐकलं असेल ते विचारू नका. आभाळ गडगडलं की हा माणूस घरातली पितळी भांडी गोधडीखाली घालायचा. न्हाव्याचा वस्तरा गळ्यापाशी आला की म्हणायचा, तेवढी राहू दे, बरी दिसती. त्यामुळे मामांच्या हनुवटीखाली दाढीचा एक झुबका कायमचा राहिला होता. रविवारी ख्रिस्ती देवळात ते अगदी दारापाशी बसायचे, न जाणो छप्पर पडलं तर. पाळकसाहेबांनी एकदा पुढे बोलावलं, तर म्हणाले, देवाला हितूनबी ऐकू येतंय.

पोटापाण्याला मामा विहिरींवरची तेलाची इंजिनं दुरुस्त करायचे. इंजिन हातात आलं की हात थरथरायचे थांबत, एवढं मात्र खरं.

दुसरी मोठी लढाई संपली तेव्हा नगरच्या लष्कराने मोडकंतोडकं सामान विकायला काढलं. लोकांनी घोंगड्या आणल्या, बूट आणले, पत्र्याचे डबे आणले. मामांनी ही फटफटी आणली, बैलगाडीत घालून, आणि स्वतः गाडीपासून चांगली वीस पावलं मागे चालत. फटफटीच्या बाजूला माणूस बसायला होडीसारखा एक डबा जोडलेला होता. त्याला साइडकार म्हणतात म्हणे. गल्लीने त्याला डबाच म्हटलं. डब्यात उंदरांनी संसार थाटला होता आणि धुराच्या नळीत गांधीलमाश्यांनी. गल्लीतल्या टारगटांनी उठवलं की हिच्यावर एक गोरा साहेब मेलाय आणि अमावास्येला तो शीळ घालतो. मामांनी ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पाहते तर बसायच्या जागेवर बायबल.

हसू नका. असल्या भित्र्या माणसाने असलं जनावर दारात का आणलं, ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

मामांची बायको साराबाई दुसऱ्या बाळंतपणात अडली होती. बैलगाडीत घालून मामा तिला नगरच्या दवाखान्यात न्यायला निघाले आणि करंजीच्या घाटात ती गेली, पोटातल्या जिवासकट. मागे राहिली एवढीशी रूथ. तिला मामांनी एकट्याने वाढवलं, वेणीफणीसुद्धा शिकले. रूथ पुढे कोपरगावला दिली, जावई साखर कारखान्यात कामाला. आणि आता रूथला दिवस गेले होते.

पहिलं बाळंतपण माहेरी. ही रीत काही मामांना नवी नव्हती, पण त्यांची झोपच उडाली. कोपरगावात डॉक्टर हाकेच्या अंतरावर, आणि तिसगावात हौसाबाई सुईण. सकाळी एक सर्व्हिस मोटार नगरला जायची, पण कळा काही मोटारीची वेळ बघून येत नाहीत. मामा कोपरगावला गेले आणि विहीणबाईंचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. पोरगी हितंच राहू द्या म्हणाले. विहीणबाईंना वाटलं, हा खर्चाला भ्याला. त्यांनी चारचौघांत ऐकवलं की बापाला लेक जड झाली असेल तर तसं सांगा. मामा खाली मान घालून परत आले, आणि त्यानंतरच्याच आठवड्यात ती फटफटी आली.

मग त्यांच्या छपरीत जे सुरू झालं त्याने माझं डोकं उठवलं. पूर्वी तिथं शेळी होती, ती आता माझ्या अंगणात. फटफटीचा एकेक भाग रॉकेलमध्ये धुऊन गोणपाटावर मांडायचा आणि वर टोपली पालथी घालायची, कावळ्याने नेला तर? सगळी छपरी नुसती टोपल्यांनी भरली होती. मग क्लचच्या चकतीत बसवायला बुचं हवी झाली. साधी, बाटलीची बुचं. मामा घरोघर हिंडले. गल्लीतल्या एका बाटलीला त्यांनी बूच ठेवलं नाही. माझ्या खोबरेल तेलात झुरळ पडलं ते तेव्हाच. मी चांगली ताडताड बोलले. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि जाता जाता विचारलं, काढ्याच्या बाटलीचं बूच हाय का?

ज्या दिवशी इंजिन सुरू झालं त्या दिवशी गल्लीतली कुत्री तिसगाव सोडून गेली. मामा स्वतः माझ्या न्हाणीत लपले होते. चालू ठेवून पळाले होते, बंद कोण करणार? दावं मात्र तटतटून ताणलं होतं आणि लिंबाचा पाला गळत होता. शेवटी मामा रांगत गेले आणि टाकीखालची पेट्रोलची तोटी बंद करून आले.

पुढची पायरी म्हणजे धक्के. पोटुशी बाई डब्यात बसणार, तिला धक्का लागता कामा नये. मामा माझ्या कोंबड्यांची अंडी पाटीत भुसा न घालता मांडायचे, पाटी डब्यात ठेवायचे, वेशीपर्यंत जाऊन यायचे आणि फुटलेली अंडी मोजायचे. मग डब्याच्या स्प्रिंगा सैल कर, गादी जाड कर, पुन्हा अंडी. मी म्हटलं, मामा, माझ्या कोंबड्या काही सरकारी नाहीत. तेव्हा त्यांनी अंड्यांचा नाद सोडला आणि म्हणाले, मग तुमीच बसा.

मी भित्री नाही. पण त्या डब्यात बसले आणि दोन्ही हातांनी काठ धरला. जमीन इतकी जवळून मी कधी पाहिली नव्हती. मामा मात्र अशा चालीने चालवत होते की सायकलवरचा पोस्टमन आम्हाला मागे टाकून गेला. समोर चिटपाखरू नसताना हॉर्न, वळण दिसायच्या आधीपासून हॉर्न. करंजीच्या घाटात शिरलो आणि एका वळणावर मामा थांबले. इंजिन चालूच ठेवून उतरले, टोपी काढून खिशात घातली आणि फटफटी हाताने ढकलायला लागले. मीही उतरले आणि मागून हात लावला. वळण मागे पडल्यावर ते परत बसले. परत येताना त्याच जागी तेच. त्यांचा चेहरा असा पांढरा पडला होता की मला त्यांची भीती वाटायला लागली. हा माणूस पोरीला घेऊन या घाटातून जाणार कसा?

रूथ आली. मामांनी सर्व्हिस मोटारवाल्याकडून थेंब थेंब पेट्रोल जमवून ठेवलं होतं, तेव्हा काही ते बाजारात सरळ मिळत नव्हतं. रोज सकाळी फटफटी चालू करून बघायचे. रूथ शिंकली तरी टोपी चढवायचे. बापाला ती दादा म्हणायची. तिला हसू यायचं, पण एकदा पाणी शेंदताना हळूच मला म्हणाली, "बाई, दादांना बघून मलाच भ्या वाटाय लागलंय." तिला मी धीर दिला खरा. रात्री अंथरुणावर पडले की माझाही डोळा लागत नसे.

आणि मग एका दुपारी, तांदूळ निवडता निवडता, रूथला कळा आल्या. आल्या त्या अशा भराभर की हौसाबाईला बोलावून आणेपर्यंत पोरगी भुईवर बसली होती. बाहेर फटफटी धडधडत दाराशी उभी. डब्यात गादी, गादीवर गोधडी. हौसाबाईने तपासलं, आणि दारात येऊन म्हणाली, "आता न्यायची न्हाई. घाटात व्हईल."

घाट हा शब्द ऐकला आणि मामांचे ओठ हलायला लागले. माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुमी सांगा हौसाबाईला. मी दमानं नेतो."

पोरीला काही झालं असतं तर जन्मभर ते माझ्या माथ्यावर होतं. पण हौसाबाईने उगाच सांगितलं नसतं. मी म्हटलं, "मामा, ती इथंच राहील," आणि दार लावून घेतलं.

आत रूथ ओरडत होती आणि बाहेर फटफटी. मामांनी ती बंद केलीच नाही, उलट आवाज वाढवला. भिंतीतल्या फळीवरची भांडी वाजत होती, हौसाबाई त्या यंत्राच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. गरम पाणी आणताना मी निम्मं सांडलं. मूल आलं ते निळसर आणि गप्प. हौसाबाईने पाय धरून उलटं केलं, पाठीवर थापटलं, परत थापटलं. मी मनात कुणाकुणाला हाका मारल्या ते मलाच आठवत नाही. मग ते रडलं. मुलगी होती. रूथने तिला छातीशी घेतलं.

मी बाहेर धावले. मामा फटफटीवर बसले होते, डोळे गच्च मिटून. कानाशी ओरडून मी सांगितलं, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, आता हे बंद करा. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. मी हात पुढे केला तर मनगट धरलं आणि त्या गोंगाटात माझ्या कानाला तोंड लावून बोलले.

"सारा कण्हत हुती तवर मी बैलं पळवली. मग त्या वळणावर ती गप झाली. मला बरं वाटलं, बाई. म्हनलं, कळ थांबली, निजली वाटतं. तिला धक्का बसाय नको म्हनून बैलं दमानं घेतली. नगरपतुर तशीच दमानं नेली."

एवढ्या वर्षांत हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मला रडू फुटलं. पण रडत बसून भागणार नव्हतं. मी वाकले आणि टाकीखालची तोटी फिरवली. फटफटी लगेच थांबली नाही. खोकली, अडखळली, परत धडधडली आणि मग विझली. मामांनी दोन्ही कानांवर हात दाबले. सगळी गल्ली चिडीचूप झाली. आत बाळ पीत होतं, तेही गप्प. त्या शांततेला मीसुद्धा भ्याले.

आतून रूथचा थकलेला आवाज आला, "दादा, लई कानठळ्या बसवल्या तुमच्या फटफटीनं."

मामा उतरले. तसेच दाराबाहेर भिंतीला टेकून बसले. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाने जायचं नसतं. बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "रूथ, जागी हाय का?" रूथ म्हणाली, जागी हाय, दादा. थोड्या वेळाने परत विचारलं. परत तिने सांगितलं. दिवस कलला तरी ते भिंतीजवळून हलले नाहीत, की भाकरी खाल्ली नाही. विचारत राहिले, आणि रूथ दर वेळी डोळे ताणून उघडे ठेवून उत्तर देत राहिली.

दिवेलागणीला तिचा डोळा लागला. बाळ कुशीत, श्वास संथ, कपाळावरचा घाम सुकलेला. बाहेरून हाक आली, "रूथ, जागी हाय का?"

निजली आहे, हे मी त्या माणसाला कसं सांगणार होते? मी दाराशी गेले आणि आवाज बारीक करून म्हटलं, "जागी हाय, दादा."