कुत्रेपणा दाखवा

लिफ्टशेजारच्या फळ्यावर सकाळीच नवी सूचना झळकली होती : ‘लिफ्टमध्ये कुत्र्यांना सक्त मनाई.’ सुहासिनीबाईंनी ती वाचली आणि तरीही बटण दाबलं. पायाशी त्यांचा म्हातारा गब्बू धापा टाकत होता. मे महिन्याचं ऊन, त्याचे मागचे पाय लटपटणारे आणि घर चौथ्या माळ्यावर.

सोसायटीचे सेक्रेटरी बळीरामजी खुर्ची टाकून पहाऱ्यालाच बसले होते.

“मॅडम, फळा वाचला ना? जिन्यानं न्या.”

“वाचला. पण हा कुत्रा आहे, असं कोण म्हणतं?”

बळीरामजींनी गब्बूला निरखून पाहिलं. “मंग काय म्हैस आहे?”

बाईंनी जन्मभर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं होतं. “हा गब्बू आहे. शेजारच्या मेघाकडे टायगर आहे. गेटवर काळू आहे. ‘कुत्रा’ हे आपण सगळ्यांना मिळून ठेवलेलं नुसतं नाव. त्या नावापलीकडे कुत्रेपणा म्हणून काही असेल, तर तेवढा वेगळा काढून दाखवा. मी जिन्यानं जाते.”

बळीरामजींना तो काढता येईना. लिफ्ट वर गेली.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर आलं : ‘लिफ्टमध्ये गब्बूला सक्त मनाई.’

“आता बोला,” बळीरामजी म्हणाले.

बाई बोलायच्या आत मेघा टायगरला घेऊन लिफ्टमध्ये शिरली. “आमचं नाव नाही ना काका फळ्यावर?” तिच्यामागून काळूही घुसला. संध्याकाळपर्यंत त्यानं लिफ्टचे चारही कोपरे ओले केले. लोक सेक्रेटरीला फोन करकरून विचारू लागले, “हे काय करून राहिले जी तुम्ही?” बळीरामजींनी दात-ओठ खात टायगर आणि काळूचीही नावं लिहिली.

तिसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत बाई गब्बूसह हजर.

“मॅडम! गब्बूले मनाई आहे!”

“गब्बू कुठाय? नाव काय, आज एक, उद्या दुसरं. मी याचं नाव बदललं.”

“काय ठेवलं?”

“बळीराम.”

मेघानं तोंडावर ओढणी धरली.

“माह्यं नाव कुत्र्याले?”

“पुन्हा कुत्रा! लिहा की फळ्यावर, ‘बळीरामला लिफ्टमध्ये सक्त मनाई.’ मी निघालेच जिन्यानं.”

बळीरामजींनी तावातावानं खडू उचलला. ‘ब’ काढला. तोच त्यांच्या बायकोचा, यमुताईंचा, आवाज आला, “लिहा, लिहा. मंग सातव्या माळ्यावर रोज पायीच चढजा.”

खडू थांबला. बळीरामजींनी बाहीनं अख्खा फळा पुसून टाकला.

लिफ्टचं दार उघडलं. “चल बळीराम,” बाई म्हणाल्या.

गब्बूला नवं नाव अजून ठाऊक नव्हतं, तो बसूनच राहिला. बळीरामजी मात्र मुकाट्यानं आत शिरले आणि हातानं दार अडवून धरलं.

“उचला त्याले, मॅडम. दार बंद होऊन राहिलं.”