मंजूर, फक्त नाव लिहा

शेखसाहेबांनी मला तीन वर्षांत एकदाही ‘नाही’ म्हटलं नाही. त्यांच्या जागी दुसरं कोणी असतं तर पहिल्याच महिन्यात मला दार दाखवलं असतं. साहेब फक्त चष्मा वर सरकवतात आणि म्हणतात, ‘मंजूर. रजिस्टरला नाव लिहा.’ त्यांच्या मंजुरीने आमचे जे हाल झाले, ते कुणाच्या नकाराने झाले नसते.

प्रकरण खेळाचं आहे. दर रविवारी सकाळी दहाला, इंदिरानगरमधल्या त्यांच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये साहेब, त्यांच्या इमारतीतला संदीप आणि मी असे आम्ही तिघं रोलप्लेइंग गेम खेळायला जमतो. म्हणजे एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि कुठे अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. गोष्ट सांगणारे साहेब. आम्ही दोघं मिठाचा तांडा घेऊन वाळवंटापलीकडच्या शहराकडे निघालेले व्यापारी. दोघंही चांगले नोकरदार, मुलाबाळांचे, आणि कोणालाही याची लाज वाटत नाही.

साहेबांची उभी हयात एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये गेली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण कंट्रोल रूम काही त्यांच्या अंगातून निवृत्त झालेली नाही. फाशावर पडलेल्या आकड्याला ते ‘रीडिंग’ म्हणतात. चहा टाकायला उठताना खेळ संदीपच्या हवाली करतात, ‘चार्ज घ्या,’ आणि ट्रे घेऊन आल्यावर मधल्या सहा मिनिटांचा हिशेब विचारून चार्ज परत घेतात. वाळवंटातल्या घडामोडी त्यांच्या लॉगशीटवर येतात: ‘११.४० वादळ. ११.५५ हरवलेलं खेचर सापडलं. प्रकृती समाधानकारक.’

खेळाचा खोका मुळात त्यांच्या मुलाचा, इम्रानचा. इंजिनियरिंगला असताना त्याने आणला, नोकरीला पुण्याला गेला तेव्हा माळ्यावर टाकला. भाभी, म्हणजे साहेबांच्या पत्नी, वारल्या त्या वर्षी साहेबांनी तो खाली काढला आणि आतलं नियमांचं जाडजूड पुस्तक टर्बाइनचं मॅन्युअल वाचावं तसं पेन्सिल घेऊन वाचून काढलं. संदीप त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो आणि माझ्याच कारखान्यात स्टोअर्सला आहे. मूळचा निफाडकडचा. ‘मॅडम, एकदा चला तर. साहेब लय भारी माणूस हाय,’ असं म्हणत त्यानेच मला नेलं.

आता माझ्याविषयी. मी सातपूरच्या त्या कारखान्यात एचआरला आहे. रजेच्या नियमांतून लोक कुठून निसटतात ते शोधायचं आणि त्या फटी बुजवायच्या, यावर माझं घर चालतं. सोमवार ते शनिवार दुसऱ्यांच्या फटी बुजवणाऱ्या बाईला रविवारी स्वतः निसटावंसं वाटणारच. पुस्तकातल्या पळवाटा मला तांदळातल्या खड्यांसारख्या दिसतात.

पण पहिली पळवाट संदीपची. खेचरावर किती ओझं लादायचं याला पुस्तकात मर्यादा आहे. आमच्याकडे एक जादूचं पोतं होतं, त्यात घातलेल्या वस्तूला वजन राहत नाही. संदीपने विचारलं, ‘मंग खेचरच पोत्यात घातलं तर? मिठासकट?’ पुस्तकात खेचर ही ‘वस्तू’च्या यादीत होती. आम्ही टाळ्या पिटल्या. साहेबांनी पुस्तक पाहिलं, चष्मा सरकवला, ‘मंजूर,’ म्हणाले आणि फ्रिजवरचं लाल कापडी बांधणीचं रजिस्टर काढलं. त्यात तीन रकाने. नाव, पळवाट, कारण. संदीपने कारणापुढे लिहिलं, ‘ओझं जास्त हाय.’

पुढच्या रविवारी वाटेत एक एकटा म्हातारा भेटला. खांद्यावर पोतं. आम्ही दया येऊन त्याला पाणी पाजलं. त्याने पोतं झटकलं आणि त्यातून अकरा दरोडेखोर बाहेर पडले.

‘साहेब, हे काय?’ संदीप कळवळला.

‘तुम्हाला जे लागू, ते सगळ्या दुनियेला लागू,’ साहेब शांतपणे म्हणाले. ‘माणसं वस्तूंच्या यादीत कशी, असं विचाराल तर खेचर कसं, तेही बोलावं लागेल.’

नंतर चहा पिताना त्यांनी सांगितलं, की धोका दिसताच मशीन आपोआप बंद करणारी बचावाची साखळी कधी कधी मुद्दाम बाजूला ठेवावी लागते. तशी वेळ येतेच. ‘फक्त ठेवणाऱ्याने नाव आणि कारण लिहायचं. कारण लिहिताना हात थांबला, की समजायचं काहीतरी चुकतंय.’

मला तेव्हा हे समजलं नाही. माझी पाळी आली ती शपथेवरून. खेळात शब्द मोडणाऱ्याची विद्या जाते. मी एका सरदाराला शब्द दिला, ‘मी तुला हात लावणार नाही,’ आणि संदीपकरवी त्याला विहिरीत ढकललं. मंजूर. त्यानंतरचे चार रविवार आम्ही तहानलेले काढले. ज्याला भेटावं तो आमच्यासारखंच बोलायचा. ‘पाणी देतो म्हणालो, प्यायला देतो कुठे म्हणालो?’ शेवटी मी त्या सरदाराच्या बायकोपुढे जाऊन नाक घासलं, तेव्हा कुठे एक घागर मिळाली. सोमवारी कारखान्यात मी एका कामगाराच्या रजेचा अर्ज दोनदा वाचला आणि त्याला बोलावून सरळ विचारलं, ‘घरी काय झालंय?’ हे श्रेय साहेबांचं. दुसरा कोणी माझ्याशी भांडला असता, तर मी त्याला कलमं ऐकवून गप्प केलं असतं. साहेबांनी आवाज चढवला नाही, मला माझ्याच बोलण्यासमोर उभं केलं.

तरी खोड जाते थोडीच. गेल्या महिन्यात मला सगळ्यांत मोठी पळवाट सापडली. पुस्तकात एक दारमंत्र आहे. ज्या कुलपाची किल्ली हातात असेल, मंत्र म्हणताच त्या दारात माणूस पोचतो. आणि पलीकडच्या शहरातल्या मिठाच्या गोदामाची किल्ली पहिल्या दिवसापासून माझ्या कमरेला होती. म्हणजे उरलेलं वाळवंट रद्द. मंत्र म्हणायचा आणि खेळ जिंकायचा.

मी हे सांगितलं त्या रविवारी इम्रान पुण्याहून आलेला होता, दिवाणावर पेपर वाचत बसला होता. साहेबांनी पुस्तक पाहिलं. पुन्हा पाहिलं. इतका वेळ ते कधी थांबले नव्हते. मग ‘मंजूर,’ म्हणाले आणि आत रजिस्टर आणायला गेले.

इम्रान उठून आमच्याजवळ आला. खुशीत होता. ‘म्हणजे आज संपला खेळ? बरं झालं हो ताई. अब्बांनी शब्द दिलाय, खेळ संपला की पुण्याला कायमचे येतो. आमचा कॉलेजात एका सेमिस्टरमध्ये संपायचा. यांचा तीन वर्षं चाललाय.’

संदीपने माझ्याकडे पाहिलं. मला खाली जमिनीत जावंसं वाटलं. साहेब आले तशी मी म्हणाले, ‘साहेब, मी मागे घेते. माझी चूक झाली.’

‘ताई, मंजूर झालेलं मागे येत नाही.’ त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे ठेवलं. नाव लिहिलं, पळवाट लिहिली, आणि कारणापाशी माझा हात थांबला. तो रकाना मी कोराच ठेवला.

साहेबांनी आम्हाला शहरात नेलं. काय सांगितलं त्यांनी ते शहर. गल्ल्या, पाणपोया, मीठ उतरवून घेणाऱ्या बायकांची नावं, सगळं तयार होतं. कधीपासून तयार असेल कोण जाणे. लॉगशीटवर लिहिलं, ‘१२.२० माल पोचला.’

मग त्यांनी रजिस्टर स्वतःकडे ओढलं आणि माझ्या नोंदीखाली लिहायला लागले. तीन वर्षांत त्या रजिस्टरात त्यांचं नाव नव्हतं. लिहून झाल्यावर ते त्यांनी इम्रानच्या हातात दिलं. मी शेजारीच होते, मला दिसलं.

नाव, शेख. पळवाट, खेळ संपला की येतो म्हणालो आणि खेळ संपू दिला नाही. कारण, रविवारी घरात माणसं असतात.

इम्रानने ते दोनदा वाचलं. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू.

‘अब्बा, सरळ सांगायचं ना मला.’

‘सरळ सांगितलं असतं तर तू लगेच ऐकलं असतंस,’ साहेब म्हणाले. ‘आणि तिकडे एकटा वाईट वाटून घेत बसला असतास.’

इम्रान खुर्ची ओढून आमच्यात बसला. फासा हातात घेऊन त्याने संदीपला विचारलं, ‘पुढचा खेळ केवढा असतो?’

‘आपण म्हणू तेवढा. लय लांबवता येतो.’

‘आणि पुण्याहून रविवारी पहाटे निघालं, तर दहाला पोचता येईल का?’

साहेब कोरी लॉगशीट काढत होते. त्यांनी वर न बघता उत्तर दिलं.

‘शनिवारी ये.’